आधी इथल्या कोर्टात जा

"पोराला घे आणि सरळ निघून ये. बाकीचं इथे आल्यावर बघू." परदेशात संसार मोडायच्या बेतात असलेल्या मुलीला पुण्या-नाशिकहून पहिल्याच फोनवर बहुतेक वेळा हाच सल्ला मिळतो. देणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर, आणि मंडळातल्या ओळखींपायी काही घरांबरोबर कोर्टाच्या बाकावर बसल्यावर, माझं मत पक्कं झालंय की याच्याइतका महागात पडणारा सल्ला दुसरा नाही. मी वकील नाही. त्यामुळे पुढचं सगळं एका शेजारणीचं म्हणणं समजून वाचा, आणि वेळ आलीच तर वकील गाठा.

भारतात हा विषय निघाला की चर्चा लगेच एका प्रश्नावर जाऊन बसते: हेग करारावर सही करायची की नाही? 25 ऑक्टोबर 1980 चा हा करार. एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेलं, तर ते आधी राहत्या देशात परत पाठवायचं आणि कस्टडीचं तिथल्या कोर्टाने ठरवायचं, एवढंच त्याचं सूत्र. शंभराहून जास्त देश त्यात आहेत. जपान 2014 मध्ये आला, पाकिस्ताननेही 2016 मध्ये मान्यता दिली. भारत बाहेर आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने 2016 मध्ये विधेयकाचा मसुदा काढला, त्याच वर्षी कायदा आयोगाने आपल्या 263 व्या अहवालात त्यावर सुधारणा सुचवल्या, न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने 2018 मध्ये अहवाल दिला, आणि नंतर सगळं फायलीत गेलं.

सही नको म्हणणारे सांगतात की मूल घेऊन परतणाऱ्या बऱ्याच बायका मार खाऊन, पासपोर्ट लपवून पळालेल्या असतात, त्यांना पुन्हा त्याच दारात कशाला पाठवायचं? सही हवी म्हणणारे त्या बापांकडे बोट दाखवतात, ज्यांना वर्षानुवर्षं लेकराचं तोंड दिसलेलं नाही. दोघांचंही खरं आहे. पण दोन्ही बाजू विमान उतरल्यानंतरचं बोलतात. विमान सुटण्याआधीच्या आठवड्यात काय करता आलं असतं, हे कुणी बोलत नाही. माझं सगळं म्हणणं त्या आठवड्याबद्दल आहे.

न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात कौटुंबिक विभाग असतो. एडिसन, आयसेलिनकडची आपली माणसं मिडलसेक्स काउंटीत येतात, म्हणजे न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात. तातडीची कस्टडी मागायच्या तिथे ढोबळमानाने दोन वाटा. मारहाण, धमकी, पाठलाग असं काही असेल तर घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली टीआरओ, म्हणजे तात्पुरता मनाई आदेश. कोर्ट बंद असेल, रात्र असेल, शनिवार-रविवार असेल, तरी पोलीस स्टेशनमधून न्यायाधीशाशी संपर्क करून तो मिळतो. फी नाही. त्याच आदेशात मुलाची तात्पुरती कस्टडी देता येते, आणि दहा दिवसांच्या आत दोघांना समोर बोलावून अंतिम सुनावणी ठेवायची असते. हिंसा नाही पण मूल पळवलं जायची भीती आहे, तर 'ऑर्डर टू शो कॉज', म्हणजे 'हा आदेश का देऊ नये ते येऊन सांगा' असा समोरच्याला हुकूम. शपथेवर लिहिलेलं निवेदन द्यायचं, ताबडतोब आणि भरून न येणारं नुकसान होणार आहे हे दाखवायचं. पटलं तर समोरच्याला न बोलावताही न्यायाधीश सही करतो. मात्र ज्याच्या पाठीमागे आदेश झाला, त्याला दोन दिवसांची नोटीस देऊन तो उठवून घ्यायला येता येतं. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते.

एका मुलीबरोबर मी वकिलाच्या टेबलाशी बसले होते. (तपशील मुद्दाम पुसट ठेवतेय.) निवेदनाचा कच्चा मजकूर तिच्या भावाने रात्री जागून नाशिकहून पाठवला होता. साखरपुड्यापासून सुरुवात, मानपानाची यादी, सासूबाई डोहाळजेवणाला काय बोलल्या, नणंदेने काय केलं, सगळं. वकीलबाईंनी पेन्सिल घेतली आणि पानांमागून पानं तिरप्या रेघेने छाटत गेल्या. मुलीचे डोळे भरून आले. शेवटी उरलं ते एवढंच: मुलाचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात जाता येतं ते) कपाटातून नाहीसं झालंय. नवऱ्याने स्वतःची आणि मुलाची मुंबईची तिकिटं काढलीत, परतीची नाहीत. शाळेला मुलाचं नाव काढून घेत असल्याची ईमेल गेलीय, तिची प्रत सोबत. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न होता, "मुलाचा पासपोर्ट आत्ता कुणाकडे आहे?" मानपानाचं कुणी काही विचारलं नाही.

त्याच दिवशी आदेश निघाला. पासपोर्ट आणि कार्ड नवऱ्याने वकिलाकडे जमा करायचं. मूल तूर्त आईकडे. कोर्टाच्या परवानगीशिवाय दोघांपैकी कुणीही त्याला राज्याबाहेर न्यायचं नाही. दोघांपैकी कुणीही, हे माहेरी कळल्यावर मोठा हलकल्लोळ झाला, कारण तिच्या आईने तोवर तिच्यासाठी आणि नातवासाठीही तिकिटं बघून ठेवली होती. पुढच्या तारखेला नवरा आला, आपले कागद घेऊन आला. आई आजारी होती म्हणून तिकीट काढलं, परतीचं नंतर काढणार होतो, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी ते ऐकलं, शाळेच्या ईमेलबद्दल विचारलं, आणि शनिवार-रविवार मूल त्याच्याकडे राहील असं ठरवून दिलं. पासपोर्ट जमाच राहिला. निकाल कुणाच्याच मनासारखा नव्हता, पण मूल त्याच शाळेत, त्याच वर्गात राहिलं.

आता तीच मुलगी आईचं ऐकून निघून गेली असती तर? इथल्या कायद्यात, मूल कोर्टात अर्ज होण्याआधी सलग सहा महिने जिथे राहिलं ते त्याचं 'होम स्टेट'. मूल नेलं तरी मागे राहिलेला पालक इथेच असेल, तर त्याला सहा महिने इथल्याच कोर्टात अर्ज करता येतो. म्हणजे अर्ज नवऱ्याचा, शपथपत्र नवऱ्याचं, आणि हिची खुर्ची रिकामी. ज्या मारहाणीमुळे ती पळाली, तिची एक ओळही त्या फायलीत नसते. वर फौजदारी बाजू. मूल देशाबाहेर नेऊन दुसऱ्या पालकाचा हक्क डावलला, तर अमेरिकेच्या 1993 च्या संघराज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदाही कडक आहे. जीव वाचवायला पळालेल्या पालकाला त्यात बचाव आहे. पण त्यासाठी लवकरात लवकर पोलिसांना किंवा बालसंरक्षण खात्याला कळवायला हवं, नाहीतर कस्टडीसाठी कोर्टात जायला हवं. विमानतळावरून आईला फोन केला, हा बचाव होत नाही.

भारतात पोचल्यावर आपलं कोर्ट आपलंच ऐकेल, अशी एक समजूत असते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये परदेशी कोर्टाच्या अंतरिम आदेशाला बरंच वजन दिलं. 2017 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो कल बाजूला सारला: परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक, मुलाचं हित सर्वांत वर. पुढे 2020 आणि 2022 मध्ये त्याच न्यायालयाने अमेरिकेतून आणलेली मुलं अमेरिकेत परत पाठवायला सांगितली. प्रत्येक प्रकरण वेगळं, हे मान्य. पण याचा अर्थ घरात बसलेल्या माणसाला निकालाचा अंदाज बांधता येत नाही, आणि तोवर मूल मराठी शाळेत दुसरीतून चौथीत गेलेलं असतं.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. वकिलाचे तासाला काहीशे डॉलर जातात. एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायको म्हणून आलेल्या, स्वतःची कमाई नसलेल्या बाईला ते कुठून परवडणार? नवऱ्याने तिच्या वकिलाचा खर्च द्यावा असा हुकूम कोर्ट करू शकतं, पण तोही मागायला आधी वकीलच लागतो. 'मानवी'सारखी 1985 पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी संस्था इथे आहे म्हणून काहींचं निभावतं. घटस्फोट झाला की एच-फोर संपतो, ही टांगती तलवार वेगळीच. आणि 'तात्पुरती' कस्टडी फार लवकर मुरते. दहा दिवसांतल्या सुनावणीला मुदत मिळते, मग आणखी एक मुदत, आणि शेवटी न्यायाधीश म्हणतो, मूल आहे तिथे रुळलंय, कशाला हलवायचं? पहिला अर्ज करणाऱ्याचं पारडं जड राहतं, हा आरोप मी बापांकडून ऐकलाय आणि तो खोटा म्हणवत नाही. काही जण टीआरओचा उपयोग कस्टडीतली पहिली चाल म्हणूनही करतात. तिकडे उलट्या टोकाला, आजीने साखर चाटवली किंवा बापाने रात्री दहापर्यंत कार्टून दाखवलं म्हणून 'इमर्जन्सी' अर्ज घेऊन येणारेही असतात. त्यांना न्यायाधीश लगेच घरी पाठवतात, हे बरंच आहे.

तरीही मला भारतातल्या चर्चेची चीड येते, कारण तातडीच्या आदेशाची सोय आपल्याकडे नाही असं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 मध्ये मुलाच्या तात्पुरत्या ताब्याची तरतूद आहे. कलम 23 खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश देता येतो. अर्ज आल्यापासून पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं त्या कायद्यातच लिहिलंय. बापासाठी आणि इतरांसाठी 1890 चा पालक व पाल्य कायदा आहे, त्याच्या कलम 12 मध्ये अंतरिम ताबा आहे. कागदावर आपण न्यू जर्सीच्या फार मागे नाही. प्रत्यक्षात बाई हिंसाचाराचा अर्ज घेऊन दंडाधिकाऱ्याकडे, बाप कुटुंब न्यायालयात, आणि ज्याला घाई आहे तो थेट मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे 'डांबलेल्याला कोर्टापुढे आणा' असा अर्ज, घेऊन. एकाच मुलाच्या तीन फायली तीन इमारतींत फिरतात. हेबियस कॉर्पसची वाट सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये उचलूनही धरली. आई वारल्यावर आजोळच्यांकडे राहिलेलं मूल मुंबई उच्च न्यायालयाने बापाला दिलं होतं, ते कायम केलं. त्या बापाला न्याय मिळाला. पण बेकायदा डांबलेल्या माणसाला सोडवायचा अर्ज लहान मुलाच्या ताब्यासाठी वापरावा लागतो, याचा अर्थ खालच्या कोर्टात वेळेवर काही मिळेल असा भरवसा लोकांना उरलेला नाही.

इथली एक गोष्ट मात्र खरोखर उचलण्यासारखी आहे. टेक्सासमधून पळून एडिसनला बहिणीकडे आलेल्या बाईचं 'होम स्टेट' टेक्सास. तरी मुलाला धोका असेल तर न्यू जर्सीचं कोर्ट तात्पुरता आदेश देतं, आणि टेक्सासमध्ये आधीच प्रकरण चालू असेल तर दोन्हीकडच्या न्यायाधीशांनी एकमेकांशी ताबडतोब बोलायचं असतं. थेट, फोनवर. पुण्याचा न्यायाधीश न्यू ब्रन्सविकच्या न्यायाधीशाशी बोलतोय, अशी सोय झाली तर हेगवर सही होईतोवरही निम्मे तंटे वेळेत हाताळता येतील. बिंदल समितीने अशा वादांसाठी वेगळं प्राधिकरण सुचवलं होतं. सहीबद्दल मत काहीही असो, त्यावर बोलायला काय हरकत आहे?

सही न करण्याची किंमत कोण मोजतं, तेही सांगते. पळून जाणारे नव्हे, इथेच राहणारे. विभक्त झालेल्या आईला किंवा बापाला उन्हाळ्यात मूल आजीला भेटवायला पुण्याला न्यायचं असतं. समोरचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, भारत हेगमध्ये नाही, मूल परत आलं नाही तर आम्ही कुणाकडे जायचं? केवळ तेवढ्यावरून परवानगी नाकारायची नाही, असं न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने 2003 मध्ये लेबनॉनच्या एका प्रकरणात सांगितलंय. पण तो मुद्दा वजनात धरला जातोच. मग अटी येतात: परतीच्या तिकिटाची प्रत, पुण्याचा पत्ता आणि फोन, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, मूल इथलंच रहिवासी आहे असं दोघांनी लिहून देणं, आणि कधीकधी हजारो डॉलरचा बाँड. पुण्याच्या आजीला हे ऐकून अपमान वाटतो. नातवाला दोन महिने ठेवून घ्यायला जामीन? मी तिला सांगते, सही करून टाकू दे मुलीला, हा कागद असला म्हणजे पुढच्या जूनलाही तो येईल. परवानगीचा अर्ज मात्र तिकीट काढायच्या आधी, हिवाळ्यातच करायला सांगा. मे महिन्यात कोर्टात गर्दी असते आणि तिकिटंही महागलेली असतात.