गांजा आणि उत्तेजक एकाच तागडीत?

अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएने जून २०२४ मध्ये डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी गांजा बंदीच्या यादीतून काढला, त्याला तुम्ही लेखात 'शरणागती' म्हटलंय. मला नाही पटलं.

माझी भाची तिकडे कॉलेजकडून पोहायची. उत्तेजक चाचणीच्या दिवशी पाण्याच्या बाटलीवर बाटली रिचवत बसायची, कारण लघवीचा नमुना द्यायचा तो एका परक्या बाईच्या डोळ्यांदेखत. एवढा खटाटोप स्टिरॉइड घेऊन दुसऱ्याचं पदक लाटणाऱ्यासाठी ठीक आहे. गांजा ओढून कोण जोरात पोहतं हो? शिवाय त्याचा अंश नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे राहतो. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी तो नशेत होता की नाही, हे त्यावरून कळतच नाही. आणि शनिवारी रात्री बिअर ढोसून पडलेल्याला कुणी विचारत नाही!

अमेरिकेची धावपटू शकारी रिचर्डसन आठवते ना? २०२१ मध्ये ऑलिंपिकच्या निवड चाचणीत १०० मीटर जिंकली, पण आई गेल्याच्या दुःखात गांजा ओढला होता. महिनाभराची बंदी आली आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. (तिची केस वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांखाली होती, एनसीएएच्या नाही. वाडाची स्पर्धाकाळातली बंदी आजही आहे, त्यामुळे ऑलिंपिकची स्वप्नं बघणाऱ्या पोरांनी गाफील राहू नये.)

गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. विशीतल्या मेंदूला तो वाईटच. पण त्यासाठी समुपदेशक हवा, निलंबनाची चिठ्ठी कशाला?