सोलापूरचं स्वतःचं संशोधन नियतकालिक पाहिजे, आणि ते मराठीतच पाहिजे

परवा डिपार्टमेंटचं कपाट आवरताना एका विद्यार्थिनीचं जुनं डिझर्टेशन हाताला लागलं. आई विडी कामगार. पोरीनं विषय घेतला होता हजार विड्यांमागं हातात खरी मजुरी किती पडते, छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांत, किती जातं. शहराच्या पूर्व भागात घरोघरी फिरून, बायकांशी तेलुगूत बोलून लिहिलेलं. मार्क पडले आणि वही कपाटात गेली, गाइड मीच होतो, तेव्हाच कुठंतरी छापून आणायला पाहिजे होतं, पण आणणार कुठं?

मी स्वतः एकदा पैसे भरून एका जर्नलला पेपर दिलाय. तिसऱ्या दिवशी छापून आला, कुणी एक ओळ वाचलेली नव्हती, माझी चुकलेली तारीख तशीच होती. फार लाज वाटली.

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जर्सी नावाचं बेट आहे, वस्ती लाखभर. आपलं शहर २०११ लाच साडेनऊ लाखाचं होतं. त्या लोकांनी १८७३ मध्ये सोसिएते जर्सिएज नावाची संस्था काढली, बेटाचा इतिहास, बोली, पक्षी, दगडमाती सगळ्याचा अभ्यास, वार्षिक अंक काढतात. आणि जर्सीच कशाला, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ ला गेले, त्यांच्या मागं धुळेकरांनी मंडळ उभं केलं, 'संशोधक' त्रैमासिक काढलं. धुळ्याला जमतं तर आपल्याला का नाही, एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ २००४ पासून आहे की आपल्याकडं!

विषय तर पडलेत नुसते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत, त्यातून तयार झालेली आपली मराठी. नान्नजचा माळढोक पक्षी, त्याचं १९७९ चं अभयारण्य. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला चौघं फासावर गेले, त्यांच्यावर भाषणं दरवर्षी ऐकतो, पण त्या दिवसांत गिरणीच्या चाळीत चूल कशी पेटत होती हे कोण लिहिणार?

खर्चाची भीती घालू नका. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख नंबर, दिल्लीहून फुकट मिळतो, ऑनलाइन अंक चालवायचं ओपन जर्नल सिस्टम्स सॉफ्टवेअर फुकट आहे. वर्षाला एकच अंक काढू, लेखकाकडून एक रुपया घ्यायचा नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, छापण्याआधी लेख तपासणार कोण? लहान जागेत सगळे सगळ्यांना ओळखतात, तपासणाऱ्यापासून लेखकाचं नाव झाकलं तरी पहिल्या पानावर कळतं हे कुणाचं लिखाण, मग भिडेनं पास नाहीतर रागानं नापास. बेटावरच्या लोकांनाही हेच होत असणार. म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक लेख दोघांनी वाचायचा, एक बाहेरचा, लातूरचा, कलबुर्गीचा, हैदराबादचा, आणि दुसरा त्या कामातला माणूस. चादरीवरचा लेख असेल तर मागावर जेकॉर्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, बसवणाऱ्याला वाचून दाखवायचा, माळढोकवरचा असेल तर नान्नजच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्याला. तो "असं नसतंय सर" म्हणाला की लेख परत लेखकाकडं. पदवी नसली तरी रिव्ह्यूअर म्हणून अंकात त्याचं नाव छापायचं, ह्यावर मी अडून बसणार आहे.

पहिला लेख त्या पोरीचा, तिला फोन केलाय, ती हो म्हणाली. बाकीच्यांनी आपापली कपाटं उघडा. घरात आजोबांचं गिरणीतलं हजेरी कार्ड, पगाराची पावती काही असेल तर रद्दीत देऊ नका, फोटो काढून मला पाठवा.