'मोठा सौदा, कमी खर्च' हे अर्धंच खरं

सोलापुरातल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'शेअर एकदम मोठ्या संख्येनं घ्या, खर्च नगण्य होतो.' नवी पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदारानंही मला तो दाखवला, म्हणून हा खुलासा.

ठरावीक रकमेच्या शुल्कांपुरतं ते बरोबर आहे. शेअर विकताना लागणारा डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क) संख्येवर ठरत नाही. तो समजा 15 रुपये असेल, तर 500 रुपयांच्या विक्रीवर 3 टक्के, 50,000 वर 0.03 टक्के. डिलिव्हरीवरचा (शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेतले की लागणारा) एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, मात्र 0.1 टक्काच राहतो, सौदा कितीही मोठा असो.

मेसेजमध्ये गाळलेली गोष्ट म्हणजे इम्पॅक्ट कॉस्ट: आपल्याच मोठ्या ऑर्डरमुळे चढ्या भावानं घ्यावं लागून पडणारा जादा खर्च. समजा, कमी उलाढालीच्या शेअरचे 2,000 नग हवेत. 100 रुपयांना 300च विकायला आहेत, 101 ला 500, उरलेले 1,200 थेट 103 ला. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावानं घेण्याची ऑर्डर) टाकली की सरासरी भाव 102.05, म्हणजे 4,100 रुपये जादा. एसटीटी जेमतेम 204! हे 4,100 कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये (ब्रोकरकडून येणाऱ्या सौद्याच्या हिशेबात) खर्च म्हणून दिसतच नाहीत, म्हणून माणूस फसतो. अशा शेअरमध्ये लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावापेक्षा जास्त न देणारी) टाका, तुकड्यातुकड्यांनी घ्या. भरपूर उलाढालीच्या मोठ्या शेअरमध्ये 2 लाखांच्या सौद्याला ही अडचण सहसा येत नाही.