बेलपत्री स्क्रू

मे महिन्यातली परभणीची दुपार. येसर दळता दळता मिक्सर गप्प झाला.

"माणूस बोलवा," बायको म्हणाली.

नवरा घरात बसलेला असताना माणूस बोलवायचा! मी मिक्सर पालथा घातला. बुडाला चार स्क्रू, चारही खोल भोकांत. तीन फुल्लीचे, मुकाट निघाले. चौथ्यावर बॅटरी मारली तर आत तीन पाकळ्या. थेट बेलाचं पान! औंढ्या नागनाथाला वाहावं असं.

आधी टेस्टर घातला. टेस्टरनं वीज तपासतात हे आमच्या घरात फारसं कुणाला माहीत नाही. तो डब्याची झाकणं उघडायला असतो. मग सुरीचं टोक, मग नेलकटर. स्क्रू ढिम्म.

शेवटी मिक्सर पिशवीत घालून गांधी पार्क गाठलं.

"तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर आहे का?"

"स्टार का, सर?" म्हणत दुकानदारानं फुल्लीचा काढला.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, बाबा रे, याला आपण स्टार म्हणतो, पण हा फिलिप्स. 1936 साली हेन्री फिलिप्स नावाच्या अमेरिकन गृहस्थानं याची पेटंटं मिळवली. बल्बवाल्या फिलिप्सशी त्याचं सोयरसुतक नाही. सहा टोकांचा टॉर्क्स हा खरा स्टार, तो 1967चा. आणि मला हवाय तो ट्राय-विंग. कुणीही उठून उघडू नये म्हणूनच कंपन्या असले स्क्रू बसवतात.

त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "मग तुम्ही कशाला उघडायलात?"

पुढच्या दुकानात ॲलन की दाखवली. तिसऱ्यात म्हणाले, "असला माल जर्मनीत मिळंल, सर." जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपण छाती फुगवून म्हणतो खरं, ऐन वेळी जर्मनीच लांब पडते.

परतताना एका टपरीवर मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा पोरगा दिसला. त्यानं भोकात डोळा घातला आणि हात पुढं केला. "काका, पेन द्या."

खिशात नातीचा परीक्षेचा लकी पेन होता, सामानाची यादी लिहायला घेतलेला. पोरानं कांडी काढून फेकली, पेनाचं बूड लायटरवर धरलं, मऊ झाल्यावर स्क्रूवर दाबलं आणि फुंकर घालत बसला. प्लास्टिक पाकळ्यांत शिरून घट्ट झालं. हलकेच पिळलं. बेलाचं पान अलगद वर आलं!

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. पोरानं आत पाहिलं, वास घेतला, पुन्हा झाकण लावलं आणि मिक्सर पालथा केला.

"काका, हे दाबलं होतं का?"

चार स्क्रूंच्या मधोमध लाल बटण होतं. लोड जास्त झाला की मिक्सर बंद पडावा म्हणून असतं ते. त्यानं दाबलं, वायर लावली. मिक्सर घुर्रर्र करून उठला.

घरी आलो तर नात पेन शोधत होती. बायकोनं विचारलं, "काय झालं होतं?"

"कॉइल," मी म्हणालो.