जेवणानंतरचं सत्र

परिषदेत जेवणानंतरचं पहिलं सत्र ज्याच्या वाट्याला येतं, त्याने मागच्या जन्मी कुणाच्या तरी पानातलं श्रीखंड पळवलेलं असणार. यंदा मानकरी मी. स्थळ मुंबईचं पूर्व उपनगर, विषय स्मॉल एरिया एस्टिमेशन, म्हणजे पाहणीत जेमतेम चार घरं आलेल्या भागाचाही आकडा अंदाजाने काढणं. शीर्षक वाचेपर्यंतच पहिल्या रांगेतल्या दोन निवृत्त प्राध्यापकांच्या माना पडल्या. पुरी आणि श्रीखंड हे चल मी मॉडेलमध्ये धरलेच नव्हते.

भानगड अशी, की नमुना पाहणी (सर्व्हे) अख्ख्या राज्यासाठी आखलेली असते. राज्याचा आकडा झकास येतो. तोच एका वॉर्डाचा मागा, की नमुन्यात तिथली चार घरं, त्यातल्या एकाला कुलूप. फे आणि हेरिअट या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ साली अमेरिकेतल्या हजाराहून कमी वस्तीच्या गावांच्या उत्पन्नाचा अंदाज काढून दाखवला. हजार माणसं! दादरला तेवढी एका गाडीतून उतरतात. पण क्षेत्र लहान ठरतं ते वस्तीवरून नव्हे, नमुन्यात किती घरं आली त्यावरून. म्हणून लाखांनी माणसं कोंबलेला आमचा वॉर्डही ‘स्मॉल’.

यावर उपाय म्हणजे उसना आधार. विरार लोकलच्या दारात हाताला कडी लागली नाही तरी माणूस पडत नाही, गर्दीच त्याला धरून ठेवते. तसा चार घरांवरचा डळमळीत आकडा बाकीच्या वॉर्डांच्या जिवावर उभा राहतो. ज्याचा नमुना तोकडा, तो जास्त रेलतो.

एवढं सांगून होतंय तोच अध्यक्षांची चिठ्ठी आली: ‘पाच मिनिटं.’ माझी उरलेली वेळ पाहुण्यांच्या शाल-श्रीफळात सकाळीच गेली होती. मग कुठे किती पेरा याचा अंदाज काढणारं १९८८चं अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं मका-सोयाबीन प्रकरण, १२ काउंट्या (तिथले जिल्हे), उपग्रहाची माहिती, काही काउंट्यांत तर नमुन्याला जमिनीचा एकच तुकडा, हे सगळं ‘आपल्याला माहीतच आहे’ म्हणत उडवलं. कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रश्नोत्तरांना मागून एक काका उठले. हे कोणाबरोबर आले होते देव जाणे, पण जागे होते.

“सर, मुलुंडला आमच्या बी विंगला पाणी कमी येतं. तुमच्या पद्धतीने नेमकं किती येतं ते निघेल?”

“निघेल की. मोजणी झालीय?”

“आमच्याकडे नाही. ए आणि सी विंगला झाली.”

“मग त्यांच्यावरून काढू. मजले, माणसं, टाकीचा आकार...”

“अहो, पण त्या दोघांनी चोरून पंप लावलेत!”

हॉल खडबडून जागा झाला. ज्यांच्या आधारावर रेलायचं ते आपल्यासारखे नसतील तर अंदाज कसा फसतो, हे सांगायला माझ्याकडे अकरा स्लाइड्स शिल्लक होत्या. त्या तशाच राहिल्या. अध्यक्षांनी घंटा बाजूला ठेवली, चष्मा पुसला आणि माइक स्वतःकडे ओढून काकांना विचारलं, “किती हॉर्सपॉवरचा?”