चार पट्ट्यांचे दुकान

टोरांटोच्या क्वीन स्ट्रीटवरील ‘हडसन्स बे’ या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मी शेवटची गेले ती मे २०२५ मध्ये. कपडे जवळजवळ संपले होते आणि ते ज्यांच्या अंगावर मांडले जात, ते पुतळेही किमतीची चिठ्ठी लावून विकायला ठेवले होते. १ जूनला देशभरातील उरलेली दुकाने बंद झाली. ‘कॅनडाची ओळखच गेली’, असे पुष्कळ लोक हळहळून म्हणत होते. हळहळ मलाही वाटली; ती नेमकी कशाबद्दल असावी, याविषयी मात्र माझे मत निराळे आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २ मे १६७० रोजी ‘हडसन्स बे’ कंपनीला सनद देऊन हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या अवाढव्य खोऱ्यांचा मक्ता बहाल केला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्री आणि इतर मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास शिकलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कंपनीचे मुख्यालय लंडनहून कॅनडात आले ते थेट १९७० मध्ये, आणि पुढे मालकी अमेरिकी गुंतवणूकदारांकडे गेली. हिरवा, तांबडा, पिवळा आणि निळा अशा चार पट्ट्यांचे तिचे प्रसिद्ध पांढरे लोकरी ब्लँकेटसुद्धा इंग्लंडमध्ये विणले जाई. त्याच्या काठाशी काही आखूड, गडद रेघा असतात. जितक्या रेघा तितकी बीव्हरची, म्हणजे मऊ केसाळ कातडीच्या नदीकाठच्या प्राण्याची, कातडी देऊन ते मिळे, असे अनेक जण सांगतात, पण त्या रेघा मापाच्या आहेत. घडी न उलगडता आकार कळावा, एवढ्यासाठी.

कॅनडियनपण मला दिसते ते गिऱ्हाइकाशी होणाऱ्या व्यवहारात. टिमथी ईटन यांनी १८६९ मध्ये टोरांटोत दुकान काढले, ते रोखीचे आणि ठरलेल्या भावाचे; माल पसंत नसेल तर पैसे परत. १८८४ पासून त्यांचे कॅटलॉग टपालाने दूरदूरच्या शेतवस्त्यांवर पोहोचू लागले, आणि जुने झालेले कॅटलॉग नडगीला बांधून मुले हॉकी खेळू लागली. तेही दुकान १९९९ मध्ये बुडाले.

म्हणूनच ‘हडसन्स बे’चे नाव आणि चार पट्टे ‘कॅनडियन टायर’ या कॅनडातील दुकानांच्या साखळीने तीन कोटी डॉलरना विकत घेतले, तेव्हा ‘ओळख वाचली’ या बोलण्याने मी अस्वस्थ झाले. गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखणाऱ्या, वर्षानुवर्षे काउंटरवर उभ्या राहिलेल्या बायकांसह आठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि कंपनीकडून त्यांना नुकसानभरपाईही मिळाली नाही. पट्ट्यांना बाजारात भाव आला, या माणसांना आला नाही. आणि माझ्या लेखी ती ओळख या माणसांनीच घडवली होती.

सनदेत एक अट होती: राजा त्या मुलखात येईल तेव्हा कंपनीने त्याला दोन एल्क (मोठी हरणे) आणि दोन काळे बीव्हर द्यावेत. विनिपेगमधील कंपनीची बंद पडलेली प्रचंड इमारत २०२२ मध्ये सदर्न चीफ्स ऑर्गनायझेशन या मूळ रहिवाशांच्या संघटनेकडे सोपवली गेली, तेव्हा संघटनेच्या प्रमुखांनी कंपनीला मोबदला म्हणून बीव्हरची आणि एल्कची कातडी दिली.