रोथेनबुर्गचा 'एका घोटातला' विजय: थोडा खुलासा

'जर्मनीतल्या रोथेनबुर्गच्या महापौरांनी 1631 मध्ये सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवलं, तेव्हापासून दरवर्षी तिथे उत्सव होतो' असा मजकूर फिरतोय. तो जसाच्या तसा पुढे पाठवू नका.

तीस वर्षांच्या युद्धात कॅथलिक सैन्याचा सेनापती टिली याने ऑक्टोबर 1631 मध्ये शहर जिंकलं, हे खरं. कथेतले महापौर म्हणजे नुश, आणि त्या नावाचे माजी महापौरही होऊन गेले. पण टिलीची पैज जिंकून गाव वाचवणारा वाइनचा पराक्रम ही दंतकथा. त्या काळच्या नोंदींत ती सापडत नाही. उत्सवही तेव्हापासूनचा नाही. या कथेवरचं नाटक तिथे पहिल्यांदा 1881 मध्ये झालं, आणि आज ते ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत होतं. गावकरीच त्यात भूमिका करतात, आणि मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं.